आपल्यात नसतं

मी निघाले त्या दुपारी चाळीतले निम्मे लोक खाली टॅक्सीभोवती उभे होते आणि उरलेले गॅलरीतून वाकून सूचना करत होते. बॅग आडवी टाक, उभी टाक, सुतळी दोनदा फिरव. विक्रोळीच्या आमच्या चाळीतून परदेशी जाणारी मी पहिलीच, त्यामुळे बॅग कशी बांधायची यावर प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. लग्न नुकतंच झालं होतं. नितीन नोकरीसाठी पुढे इंग्लंडला गेला होता आणि मी एकटीच मागून निघाले होते. पुढच्या सीटवर बाबा बसले. मागे मी, माझा भाऊ महेश आणि मामा. मामांना विमानतळाची सगळी माहिती आहे असं सर्वांनी धरून चाललं होतं, कारण ते अंधेरीला राहायचे.

आई मात्र जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली. हाताला कुळथाच्या पिठाचा वास, पदर कमरेला खोचलेला, म्हणजे घरात काहीतरी अर्धवट टाकून आल्यासारखी.

"तू बस ना गं, मामांना पुढे सरकायला सांगते," मी म्हटलं.

"मी नाही येत," ती म्हणाली. "आपल्यात आई नाही जात विमानतळावर सोडायला."

आमच्या घराण्यातलं त्याआधी कोणीही विमानतळावर गेलेलं नव्हतं. तेव्हा ही रीत पडली कधी आणि पाडली कोणी, हे विचारायला हवं होतं. पण आईने 'आपल्यात' म्हटलं की विषय संपायचा. मी टॅक्सीत बसले, दार लागलं, आणि वळणापर्यंत मागे बघितलं तेव्हा ती पायरीवरून हललीसुद्धा नव्हती.

सहारच्या विमानतळावर पोचलो तर सगळीकडे आयाच आया. रडणाऱ्या, पिशवीतून डबा काढणाऱ्या, मुलांच्या शर्टाच्या कॉलर नीट करणाऱ्या. त्यांतली एक तर माझ्या अगदी शेजारी उभी राहून मुलाला सांगत होती, "पोचल्यार फोन कर हां रे, इसरा नको." म्हणजे चक्क मालवणी. आमच्याच मुलखातली, कदाचित आमच्याच तालुक्यातली बाई. मग ही कशी आली? हिच्यात आई विमानतळावर येते आणि आमच्यात येत नाही, असं कसं? मला कळेना. मग एकदम कळलं, असं वाटलं. एका टॅक्सीत आम्ही मावलो होतो. आई यायची तर दुसरी टॅक्सी करावी लागली असती. इमिग्रेशनच्या रांगेत मला रडू आलं ते त्या दुसऱ्या टॅक्सीचं.

तुम्ही जे तिथेच राहिलात, विक्रोळीला, वाकोल्याला, मानखुर्दला, तुम्हाला हे वाक्य वेगळं समजावून सांगायला नको. 'आपल्यात नसतं' ऐकत आपण मोठे झालो. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्यासाठी मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण माझा जो गोंधळ उडाला आहे तो तुमच्यापैकी कोणाचा उडाला असेल तर जरा बरं वाटेल.

आमच्यात काय काय नसायचं! वाढदिवसाला केक नसायचा. त्या दिवशी औक्षण आणि शेवयांची खीर, 'मेणबत्त्या कसल्या विझवता, आपल्यात दिवा विझवत नाहीत.' हॉटेलात जेवण नसायचं, 'आपल्याला बाहेरचं चालत नाही,' आणि हे कोंबडीच्या रश्श्यात वडे बुडवता बुडवता म्हणायचं. माझी वर्गमैत्रीण हेतल घाटकोपरची. तिच्याकडे नवरात्रात रोज नवा घागरा. मी एकदा विषय काढला तर आई म्हणाली, आपल्यात मुली गरबा नाही खेळत, आपल्यात भोंडला. चाळीत भोंडला कधीच झाला नव्हता. नववीत शाळेची पन्हाळ्याला मुक्कामी सहल निघाली, तेव्हा मी घरी विचारलंसुद्धा नाही. बाईंनाच परस्पर सांगितलं, "आमच्यात मुली रात्री बाहेर राहत नाहीत." बाईंनी मान डोलावली. मला आठवतं, मला वाईट वाटलं नव्हतं. उलट ज्या चालल्या होत्या त्यांच्याबद्दलच थोडं नवल वाटलं, की यांच्या घरचे सोडतात कसे.

बाबांची गिरणी संपानंतर बंद पडली आणि लालबाग सोडून ते विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. हे मला माहीत होतं. पण आपण गरीब आहोत हे मला माहीत नव्हतं. गरीब म्हणजे पिवळं रेशनकार्ड. आमचं केशरी. बाबा ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांच्या वर ठेवायचे. पिवळं मिळत होतं, एक ओळखीचा माणूस करून द्यायला तयार होता, स्वस्तात धान्य आलं असतं. बाबा म्हणाले, "आपलं केशरी आहे." तेवढंच. आईने साथ दिली, आपल्यात पिवळं नसतं.

आता इथलं सांगते. आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला एका लहानशा शहरात राहतो. सई इथेच जन्मली. नितीन एका गोदामाच्या ऑफिसात स्टॉकचं बघायचा, मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काही तास काम करते. बरं चाललं होतं. मग ते गोदाम कंपनीने बंद केलं आणि नितीनला दुसरीकडे मिळालं ते अर्धवेळ. आम्ही घाबरलो नाही. घर भाड्याचं असलं तरी गॅसची शेगडी, फ्रीज, कपडे धुवायचं मशीन, बाथरूममध्ये चोवीस तास गरम पाणी. सईला स्वतःची खोली, ज्यात आमची चाळीतली खोली बसली असती. मी आईला फोनवर म्हणायचे, मजेत आहोत. ते खोटं नव्हतं.

तेवढ्यात एके दिवशी सकाळी दारात एक पांढऱ्या केसांची बाई आली. गळ्यात ओळखपत्र, हातात छोटा कॉम्प्युटर. सरकारी पाहणीसाठी आमचा पत्ता चिठ्ठी काढल्यासारखा निघाला होता, त्याचं पत्र आधी आलं होतं. तिने बूट बाहेर काढू का विचारलं तिथेच मला ती आवडली. मी चहा टाकला, आलं घालून. तिने दूधसाखरेला नाही म्हटलं नाही, आणि प्रश्न सुरू केले.

पगाराचे प्रश्न नितीनने निस्तरले. पुढचे माझ्याकडे आले. हिवाळ्यात घर पुरेसं उबदार ठेवता का? मी म्हटलं, आम्ही स्वेटर घालतो. तिने हसून विचारलं, म्हणजे ठेवता की नाही? म्हटलं, नाही. मग तिने जे विचारलं ते ऐकून माझा चहाचा कप हातातच राहिला. ठेवावंसं वाटतं पण परवडत नाही म्हणून, की तुम्हाला नकोच आहे म्हणून?

आयुष्यात हे दोन वेगळे प्रश्न मला कोणी विचारले नव्हते. मी म्हटलं, नको आहे म्हणून.

जुनं झालेलं फर्निचर बदलता का? नाही, नको आहे. मुलीच्या मैत्रिणींना अधूनमधून घरी खायला बोलावता का? इथे माझी पंचाईत झाली. चाळीत मैत्रिणींना बोलवावं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं, त्या असायच्याच, जेवायची वेळ झाली की ताट वाढायचं. इथे बोलवायचं म्हणजे आधी तारीख, मग पिझ्झा, मग जाताना हातात काहीतरी. नाही म्हटलं. परवडत नाही की नको? नको. वर्षातून एकदा आठवडाभर घराबाहेर सुट्टीला जाता का? मी जरा खुशीतच म्हटलं, जमेल तेव्हा मुंबईला जातो, आईकडे. बाई म्हणाली, सॉरी, नातेवाइकांकडे राहिलेलं धरत नाहीत. 'अवे फ्रॉम होम' पाहिजे.

आता सांगा, कुठल्या होमपासून अवे? विक्रोळीला जाते तेव्हा मी घरी जाते. इथे असते तेव्हा घराबाहेर असते. तसं पाहिलं तर माझी सुट्टी वर्षानुवर्षं चालूच आहे. हे मी तिला सांगायचा प्रयत्न केला, पण इंग्रजीत ते फार विचित्र वाटायला लागलं म्हणून सोडून दिलं.

शेवटी ती थांबली, चष्मा वर केला आणि मऊ आवाजात म्हणाली, "तुम्हाला खरंच यातलं काहीच नको आहे?" स्वयंपाकघरातून नितीनच्या हसण्याचा आवाज आला. मला त्याचा असा राग आला!

ती गेल्यावर त्यानेच मला सगळं समजावलं. त्याला हल्ली वाचायला वेळ होता. या देशातली सगळी घरं मिळकतीप्रमाणे एका ओळीत उभी करायची, लहान कुटुंब मोठं कुटुंब असा हिशेब सारखा करून. मग बरोबर मधलं घर धरायचं. त्या घराच्या मिळकतीच्या साठ टक्क्यांच्या खाली जो असेल, तो गरीब. फ्रीज बघायचा नाही, नळ बघायचा नाही, मधलं घर बघायचं.

"आणि आपण?" मी विचारलं.

"भाडं द्यायच्या आधी नाही. भाडं दिल्यावर आहोत. दोन्ही पद्धतींनी मोजतात," तो म्हणाला. "वैशू, आपण गरीब आहोत यार. ऑफिशियली."

मी खोलीभर नजर फिरवली. सोफा, टीव्ही, खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. महिन्याच्या सुरुवातीला गरीब नाही आणि घरमालकाला पैसे गेले की गरीब, ही काय भानगड? गंमत तर पुढेच. नितीन म्हणाला, उद्या मधल्या घराची मिळकत घसरली तर आपण एक पै न मिळवता वर येऊ. मी त्याला म्हटलं, तू जरा गप्प बस. पण दिवसभर माझं डोकं चालूच राहिलं. चाळीत मधलं घर कोणाचं होतं? सावंतकाकींचं? त्यांच्याकडे फोन होता. मग आम्ही सावंतकाकींच्या मानाने गरीब होतो का? की विक्रोळी आणि मुलुंड आणि ते समुद्रालगतचे टॉवर, सगळे एका ओळीत उभे करायचे? तसं केलं तर मधलं घर कुठे येईल हे मला सांगता येत नाही, आणि आपण कुठे असू हे तर नाहीच.

शनिवारी आईचा फोन. ती आता चाळ पाडून बांधलेल्या बिल्डिंगमध्ये महेश आणि वहिनीबरोबर राहते. बाबा नाहीत. मी तिला गंमत म्हणून सांगितलं, इथे गरिबी कशी मोजतात माहितीये का? आमचं काही बोलले नाही. ती सगळं लक्ष देऊन ऐकत होती.

"फ्रीज आहे त्यांच्याकडे?"

"असतो गं."

"संडास घरात?"

"हो."

"मग कसले गरीब? वेडे आहेत का ते लोक?" मग जरा थांबून, "आणि काय म्हणालीस, मधल्यांची वाट लागली की हे वर येणार? हे बरंय." मी हसले. ती हसली नाही. आई एरवी चारचौघांसारखं बोलते, पण आतून काही हललं की तिची मालवणी वर येते. ती म्हणाली, "तुमी नाय मां त्येच्यात?"

"नाही गं," मी म्हटलं.

मागून सई फोन घ्यायला आलीच होती. दर शनिवारी तिच्या आजीशी गप्पा चालतात, तिच्या मोडक्या मराठीत. त्या दिवशी ती विचारत होती, आजी, तुला एवढं गरम होतं तर एसी का नाही लावत? आणि आईचं उत्तर मला स्पीकरवरून स्पष्ट ऐकू आलं, "आपल्यात एसी नाय लावत बाय. आपल्याला सोसत नाही." सई 'ओके' म्हणाली. मला वाटलं तिला काही कळलं नाही.

त्याच सुमारास सईच्या वर्गाची मुक्कामी सहल ठरली. प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष, सगळी मुलं डोंगरात काही दिवस राहणार, दोर बांधून कडा चढणार, तळ्यात होडी वल्हवणार. सईने आल्या आल्या ते एका दमात सांगितलं. नंतर सहलीचा खर्च नितीन बघत होता तेव्हा ती बाजूला उभी होती. तो काही बोलला नाही, नुसता मान खाजवत राहिला. त्यानंतर सईने सहलीचं नाव काढलं नाही. फक्त माझी एक ओढणी गायब झाली, आणि ती जिन्याच्या कठड्याला बांधलेली सापडली. कुठूनतरी बघून ती कडा चढणाऱ्यांच्या गाठी मारायला शिकत होती. एक गाठ तर माझ्याच्याने सुटेना.

मला आपलं वाटत होतं, बघू, काहीतरी करू. एवढ्यात तिच्या वर्गशिक्षिकेचा निरोप आला, भेटायला याल का?

मी वृद्धाश्रमातून थेट शाळेत गेले, अंगाला कांद्याचा वास तसाच. लहान मुलांच्या ठेंगण्या खुर्च्यांवर आम्ही तिघी बसलो, बाई, मी आणि सई. बाई तरुण होत्या आणि फार जपून बोलत होत्या. म्हणाल्या, सईने आम्हाला सांगितलं की तुमच्या संस्कृतीत मुली रात्री घराबाहेर राहत नाहीत. आम्हाला त्याचा पूर्ण आदर आहे. फक्त काही मार्ग निघतो का ते बघायचं होतं. मुलींच्या खोल्या वेगळ्या असतील. सोबत महिला शिक्षिका असतील. जेवणात काही चालत नसेल तर सांगा. प्रार्थनेसाठी शांत जागाही ठेवता येईल.

कुठली प्रार्थना? मी सईकडे बघितलं. सई स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

पन्हाळ्याच्या सहलीचं माझं वाक्य, शब्दाला शब्द, इंग्रजीत. मी ते सईला कधीच सांगितलं नव्हतं. तिने ते स्वतःचं स्वतः तयार केलं होतं. आजीचा एसी ऐकून तिला नेमकं कळलं होतं की हे वाक्य कधी वापरायचं.

खरं सांगते, तेव्हा मला नुसती मान डोलवायची होती. त्या खोलीत जेवढा मान मला मिळाला तेवढा या देशात कोणी दिला नव्हता. हो, आमच्यात नसतं, थँक यू, म्हटलं असतं तर आम्ही तिघी समाधानाने उठलो असतो. माझ्या नववीच्या बाईंनीही असंच ऐकून घेतलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे कठड्याची ती न सुटणारी गाठ आली. पोरीला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, जीव टाकून जायचं होतं.

"आमच्यात असं काही नाही," मी म्हटलं. "वी कान्ट अफोर्ड इट."

हे वाक्य मी मराठीत कधी उच्चारलेलं नाही. आई-बाबांनी तर नाहीच. इंग्रजीत ते इतकं आखूड आणि साधं निघालं की मीच चपापले, मला वाटलं मी दुसऱ्याच कोणाचं तरी बोलते आहे.

बाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "ओह! एवढंच ना?" त्या म्हणाल्या. शाळेकडे त्यासाठी वेगळे पैसे असतात, कोणाला कळणारही नाही, तुम्ही काळजीच करू नका.

एवढंच! मला त्यांचे आभार मानायचे होते आणि त्याच वेळी त्यांना दोन शब्द सुनवायचेही होते. आमच्या घरात ज्याला झाकायला आईने अख्खी संस्कृती उभी केली, ते यांच्या दृष्टीने 'एवढंच'. संस्कृती असती तर अवघड होतं, पैसे नाहीत ना, मग सोपं. हे बरोबर की ते बरोबर, मला अजून कळलेलं नाही.

घरी चालत येताना मला वाटलं सई खूश होईल. ती पुढे पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "तू मिसला सांगायला नको होतं, मम्मा. आजीने नसतं सांगितलं."

आजीने नसतंच सांगितलं. आणि म्हणून मी गरीब न होता मोठी झाले. माझी मुलगी फ्रीजमधल्या आइस्क्रीमसकट, उबदार पांघरुणात गरीब झाली, आणि तीही माझ्या तोंडून. नंतर ती ओढणी घेऊन पुन्हा कठड्याशी गेली, पण थोडा वेळ माझ्याशी बोलली नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते की आईने मला जे दिलं ते मी हिच्यापासून काढून घेतलं, की आईने माझं जे घेतलं ते मी हिला दिलं?

सहलीचा दिवस उजाडला. शाळेच्या फाटकाशी बस, मुलांची झुंबड, पालक हात हलवताहेत. नितीनची शिफ्ट होती. सई खांद्याला सॅक अडकवून मैत्रिणींत मिसळून गेली होती, तिने एकदा मागे वळून बघितलं, हसली, चढली. काच काळी होती, आतलं दिसेना. मी फाटकापासून बाजूला झाले आणि कुंपणाच्या झाडामागे जाऊन उभी राहिले, बसचा आवाज जाईपर्यंत. काही दिवसांसाठी शाळेच्या सहलीला चाललेली मुलगी, आणि मी ही अशी!

तिथूनच मी आईला फोन लावला. तिच्याकडे दुपार झाली होती, तिचं जेवण झालं होतं. मी एकदम सगळं सांगून टाकलं. नितीनची नोकरी, ती पांढऱ्या केसांची बाई, आम्हीही त्या ओळीच्या खालीच आहोत ते, शाळेने दिलेले पैसे.

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"तू जेवलंस काय?" ती म्हणाली.

"आई, इथे सकाळ आहे."

"मग न्हेरी?"

"केली." मग मला राहवेना. म्हटलं, "आई, एक खरं सांग. केक, हॉटेल, घागरा... ते आपल्यात नसायचं, की परवडायचं नाही?"

"आता काय माहीत बाई," ती म्हणाली. खोटं बोलते असं वाटलं नाही, ती खरंच आठवत होती. "पहिल्यांदा पैसे नसायचे म्हणून म्हणायचे. मग म्हणून म्हणून तसंच झालं. आता महेश केक आणतो, मला नाही आवडत. त्याचं काय समजायचं?"

मला काय माहीत? हेच तर मी त्या पाहणीच्या बाईला विचारायला हवं होतं.

"आणि मी निघाले तेव्हा?" मी विचारलं. "विमानतळावर आली नाहीस ते? तेव्हा दुसऱ्या टॅक्सीचे पैसे नव्हते ना?"

एवढी वर्षं मला त्याची खात्री होती. त्या दुसऱ्या टॅक्सीसाठी मी किती वेळा रडले असेन.

"गाडयेचे पैशे होते," आई म्हणाली. "तुझ्या बापाशीन बाजूक काढून ठेवलेले. माका नको होता येवक."

कुंपणापलीकडे शाळेची घंटा झाली.

"सईक सोडूक तू गेललंस?"

"गेले होते."

"बस जायसर बघवला तुका?"

मी झाडामागे उभी होते. "नाही," मी म्हटलं.

"मगे!" आई म्हणाली.

ती पांढऱ्या केसांची बाई पुन्हा आली तर आलं घातलेला चहा देईन, आणि या वेळी खरी उत्तरं देईन, जी मला येतात ती. उबेचं परवडत नाही. फर्निचरचं परवडत नाही. मैत्रिणींचं, खरंच सांगता येत नाही. आणि घराबाहेर कधी असता, असं विचारलं तर सांगेन की मी एका दुपारी टॅक्सीत बसून बाहेर पडले ती बाहेरच आहे. माझं घर म्हणजे जिन्याची शेवटची पायरी. तिथे कुळथाच्या पिठाच्या हातांनी माझी आई उभी राहिली होती, पैसे असूनसुद्धा.